जन्मभराचे घड्याळ घेताना

मारुंजीत ग्रिल, गेट आणि पत्र्याच्या शेड बनवून देणारे आमच्या ओळखीचे एक बंधू आहेत. गेल्या महिन्यात ते आमच्याकडे आले, चहा घेतला, बराच वेळ इकडचे तिकडचे बोलले आणि मग मुद्द्यावर आले. धाकट्या मुलीचा निकाह ठरला आहे. मुलाकडच्यांनी तोंडाने काही मागितलेले नाही. मात्र मध्यस्थाकरवी निरोप आला की मुलाला एक चांगलेसे घड्याळ द्या, जन्मभराची आठवण राहील. निरोपापाठोपाठ एका परदेशी घड्याळाचा फोटोही मोबाईलवर आला. किंमत ४५ हजार रुपये. बंधूंनी मोबाईल आमच्यापुढे धरला आणि विचारले, "भाई, एवढे पैसे घातले तर ते खरोखर जन्मभर चालते का?"

हे विचारताना त्यांच्या स्वतःच्या मनगटावर एचएमटीचे चावीचे घड्याळ होते. १९८९ साली त्यांच्या निकाहात सासऱ्यांनी दिलेले. काच नवी, पट्टा नवा, तबकडी जराशी पिवळी पडलेली. पण काटे चालू.

आम्ही त्यांना त्या दिवशी उत्तर दिले नाही. दोन-तीन घड्याळजींकडे जाऊन बसलो, दुकाने पाहिली, मग बोललो. जे समजले ते येथे मांडत आहोत, कारण हा प्रश्न एका निकाहापुरता नाही. आपल्यापैकी पुष्कळजण दर दोन-तीन वर्षांनी मनगटावरची वस्तू बदलतात, आणि घड्याळ दुरुस्त करणारे आपलेच कारागीर रिकामे बसतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, असे आम्हाला वाटते.

आधी त्या एचएमटीविषयी. हिंदुस्थान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी १९५३ साली बंगळूरला सुरू झाली. तिचे मूळ काम लेथ आणि मिलिंग मशीन बनवण्याचे. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये ज्यांनी हात काळे केले आहेत त्यांना ही तीन अक्षरे मनगटावर दिसण्याआधी लोखंडावर दिसलेली असतात. १९६१ साली या कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने मनगटी घड्याळे बनवायला घेतली. तोपर्यंत आपल्याकडे घड्याळ म्हणजे स्वित्झर्लंडहून आलेली चैन. एचएमटीच्या 'जनता'ने आणि 'पायलट'ने ती चैन शिक्षकाच्या, फिटरच्या, किराणा दुकानदाराच्या हातात आणून ठेवली. नोकरी लागली की घड्याळ, लग्न ठरले की घड्याळ, कारखान्यातून निवृत्त झाले की घड्याळ, अशी रीतच पडली. एक घड्याळ घेतले की ते जन्माचे, हे त्या पिढीला कोणी शिकवावे लागले नाही. दुसरे घेण्याची ऐपतच नव्हती.

पुढे काय झाले तेही सर्वांना ठाऊक आहे. टाटा समूह आणि तामिळनाडूचे औद्योगिक महामंडळ यांनी मिळून १९८४ साली टायटन उभी केली, होसूरच्या कारखान्यातली क्वार्ट्झ घड्याळे १९८७ पासून बाजारात आली, आणि चावीच्या घड्याळाचे गिऱ्हाईक पाहता पाहता आटले. एचएमटीनेही क्वार्ट्झ बनवले. पण जम बसला नाही. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला.

कारखाना असा बंद पडला, आणि मारुंजीतल्या बंधूंचे घड्याळ चालू राहिले. ते कसे, हे विचारायला हवे. घड्याळ मजबूत होते म्हणून, हे उत्तर अर्धेच आहे. ते घड्याळ पस्तीस वर्षांत अनेकदा बंद पडले आहे. त्याची मुख्य स्प्रिंग दोनदा बदलली, काच तीनदा बदलली, एकदा वेल्डिंग करताना उडालेल्या ठिणगीने तबकडीवर डाग पडला तो अजून आहे. प्रत्येक वेळी पिंपरी कॅम्पातल्या एका घड्याळजीने ते उघडले, साफ केले, तेल दिले आणि परत केले. घड्याळ जन्मभर चालले याचे कारण घड्याळजी जन्मभर बसला. त्या घड्याळजींचे वय आता सत्तरीच्या घरात आहे. मुलगा हिंजवडीत नोकरीला आहे. त्याने भिंग डोळ्याला लावलेले नाही, आणि त्याचा आम्ही दोषही देत नाही.

खुद्द मारुंजीचे पाहा. मुळशी तालुक्यातले हे शेतीचे गाव. पलीकडे कासारसाईचे धरण आणि साखर कारखाना, अलीकडे हिंजवडी. १९९० च्या दशकाअखेर हिंजवडीला आयटी पार्क आले आणि त्याची झळ, किंवा म्हणा बरकत, मारुंजीपर्यंत पोहोचली. उसाच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. ज्यांच्या मनगटावर चार-पाच हजारांपासून चाळीस हजारांपर्यंत काही ना काही बांधलेले आहे अशी कुटुंबे तिथे दाटीवाटीने राहतात. आम्ही लक्ष्मी चौकापासून गावापर्यंत विचारत विचारत गेलो. सेल बदलून देणारे मिळाले, पट्टा लावून देणारे मिळाले, मोबाईलची काच बदलणारे तर पावलोपावली मिळाले. मशीन उघडून बसणारा एकही मिळाला नाही. "पिंपरीला जा," असे सगळ्यांनी सांगितले.

तेव्हा जन्मभराचे घड्याळ घेणाऱ्याला आमचे पहिले सांगणे असे, की दुकानात जाण्याआधी घड्याळजीकडे जा. "तुम्ही कोणते मशीन उघडता, कोणत्याचे सुटे भाग तुम्हाला मिळतात?" असे त्याला विचारा. तो जी दोन-तीन नावे सांगेल त्यातले घ्या. ज्याचे झाकण फक्त कंपनीच्या केंद्रातच उघडते, ज्याचा भाग परदेशातून यायला चार महिने लागतात आणि ज्याच्या दुरुस्तीचा आकडा ऐकून नवे घ्यावेसे वाटते, ते घड्याळ ४५ हजारांचे असो की साडेचार लाखांचे, आपल्यासारख्या माणसाच्या जन्माला पुरणारे नाही. ते ज्यांना पुरते त्यांची मिळकत वेगळी असते.

आता चावीचे की सेलचे? यावर घड्याळजींमध्येही दोन तट आहेत आणि दोघेही जोरात बोलतात. जुन्या चावीच्या घड्याळाचे चक्र साधारण सेकंदाला पाच ठोके टाकते, तासाला १८,०००, दिवसाला ४ लाख ३२ हजार. वर्षाचा हिशोब केला तर पंधरा कोटींच्या वर जातो. एवढे काम करणाऱ्या यंत्राला चार-पाच वर्षांनी तेलपाणी लागणारच. तेल वाळले तरी घड्याळ चालत राहते, आणि तिथेच माणूस फसतो. चालते आहे म्हणून आपण नेत नाही, आणि आत पोलाद पोलादाला घासत असते. लेथच्या बेअरिंगला ग्रीस न देता किती दिवस चालवाल? क्वार्ट्झमध्ये स्फटिकाचा एक बारीक तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, आणि त्यावरून वेळ मोजली जाते. जपानच्या सेको कंपनीने १९६९ च्या डिसेंबरात असे पहिले मनगटी घड्याळ विकायला काढले. चांगले चावीचे घड्याळ दिवसाला दहा-वीस सेकंद इकडेतिकडे जाते. साधे क्वार्ट्झ महिन्याला तेवढे. वेळेच्या बाबतीत वाद संपला.

टिकण्याच्या बाबतीत मात्र संपलेला नाही. क्वार्ट्झच्या आतले विजेचे कामकाज बिघडले की ते बहुधा दुरुस्त होत नाही, मशीनच बदलावे लागते. साध्या तीन काट्यांच्या घड्याळाचे मशीन काही शे रुपयांत बदलून मिळते, आणि घड्याळ आणखी दहा-पंधरा वर्षे चालते. मशीनच बदलले तर ते जन्मभराचे तेच घड्याळ राहिले का, असे आमच्या एका मित्राने विचारले. आम्ही म्हणालो, तुमच्या टेम्पोचे इंजिन दोनदा बदलले, पासिंगच्या कागदावर टेम्पो तोच आहे ना? क्वार्ट्झला एकच पथ्य आहे. संपलेला सेल आत ठेवून घड्याळ कपाटात टाकू नये. सेल पाझरतो आणि मशीन खातो. निकाहात आलेली कितीतरी घड्याळे डबीतल्या डबीत अशी मेली आहेत.

मनगटावरच्या स्मार्टवॉचला आम्ही नावे ठेवत नाही. नाडी मोजते, फोन आल्याचे सांगते, नमाजची वेळही दाखवते. पण ते घड्याळ म्हणून घेऊ नका, मोबाईलचे पिल्लू म्हणून घ्या. बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते आणि बहुतेक वेळा ती बदलण्यापेक्षा नवे घेणे स्वस्त पडते. समजा तीन हजारांचे स्मार्टवॉच दर तीन वर्षांनी बदलले, तर तीस वर्षांत आजच्या भावाने तीस हजार रुपये गेले आणि हातात शेवटचे तेवढे राहिले. त्याऐवजी आठ हजारांचे ऑटोमॅटिक घेतले आणि दर पाच वर्षांनी हजार रुपये सर्व्हिसिंगला दिले, तर चौदा हजारांत काम झाले. त्यातले सहा हजार आपल्याच बाजारातल्या कारागिराच्या घरात गेले. हा दुसरा हिशोब आपण कधी मांडतच नाही.

आता एक गोष्ट जी घड्याळाच्या जाहिरातीत कोणी सांगणार नाही. आपले घड्याळ दिवसातून पाच वेळा पाण्याशी गाठ घालते. वजू करताना घड्याळाखालची जागा कोरडी राहून चालत नाही. घड्याळ सरकवावे लागते नाहीतर काढावे लागते. काढले की ते हौदाच्या कठड्यावर ठेवले जाते, आणि जमात उभी राहिली की माणूस धावतो. आमचे स्वतःचे एक घड्याळ असेच गेले. सुदैवाने मुअज्जिन साहेबांनी जपून ठेवले होते, ते दोन दिवसांनी मिळाले. तेव्हापासून आम्ही काढत नाही, सैल पट्टा ठेवून वर सरकवतो. मग पाणी लागणारच.

म्हणून मागच्या झाकणावर काय लिहिले आहे ते वाचा. '३० मीटर' लिहिले असेल तर त्याचा अर्थ विहिरीत तीस मीटर उतरा असा नाही; प्रयोगशाळेत स्थिर दाबाखाली केलेल्या चाचणीचा तो आकडा आहे आणि व्यवहारात त्याने फक्त शिंतोडे सोसतात. नळाच्या धारेखाली रोज पाच वेळा धरायचे असेल तर ५० मीटरचे, जमल्यास १०० मीटरचे घ्यावे. चामड्याचा पट्टा देखणा खरा, पण रोजच्या ओलाव्याने सहा महिन्यांत कुजतो आणि वास मारतो. स्टीलची साखळी किंवा नायलॉनचा पट्टा बरा. पट्ट्याची रुंदी १८ किंवा २० मिलिमीटर अशी सर्रास मिळणारी असावी. काही कंपन्या पट्ट्याची जोडणी अशी विचित्र करतात की त्यांचाच पट्टा बसतो. तो बनायचा बंद झाला की घड्याळ धडधाकट असून बांधता येत नाही.

आणि सेल बदलाल तो घड्याळजीकडेच बदला. आमच्या एका चांगल्या घड्याळाचा सेल आम्ही घाईत एका मोबाईलच्या दुकानात बदलून घेतला. मागच्या झाकणाखालची रबराची रिंग त्या मुलाने नीट बसवली नाही. आठवड्याभरात काचेच्या आत वाफ धरली, महिन्याभरात काटे गंजले. पन्नास रुपये वाचवले आणि घड्याळ घालवले. चूक त्या मुलाची जेवढी, तेवढीच आमची.

कारागीर बंधूंसाठी थोडे वेगळे सांगायचे आहे. जन्मभराचे घड्याळ याचा अर्थ चोवीस तास हातावर असा घेऊ नका. लेथवर, ड्रिलवर, कोणत्याही फिरत्या यंत्रावर उभे राहताना घड्याळ काढून ठेवा; पट्टा अडकला तर हात सोबत जातो. विजेचे काम करणाऱ्याने स्टीलची साखळी कामावर घालूच नये. वेल्डिंगची केबल, चुंबकी चक, मोठे स्पीकर यांच्याजवळ चावीच्या किंवा ऑटोमॅटिक घड्याळाची आतली केसासारखी स्प्रिंग चुंबक धरते, तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ एकाएकी दिवसाला काही मिनिटे पुढे पळू लागते. पुष्कळजण घड्याळ बिघडले म्हणून टाकून देतात. घड्याळजीकडे चुंबक उतरवण्याचे छोटे यंत्र असते, एका मिनिटाचे काम आहे.

सोन्याविषयी फार लिहायला नको. पुरुषाने सोने घालू नये हे आपल्याला घरातच शिकवलेले असते. सोन्याच्या मुलाम्याचे काय, हे आलिमांना विचारावे. आम्ही फक्त व्यापाऱ्याच्या नजरेने सांगतो. मुलामा म्हणजे वरचा पातळ थर. घामाने आणि घासून तो कडांवरून आधी जातो, खालचे पितळ उघडे पडते आणि मनगटावर हिरवट डाग देते. क्रोमच्या मुलाम्याचेही तेच. जुन्या एचएमटींपैकी अनेकांची पेटी पितळेची, वर क्रोम आणि मागचे झाकण तेवढे स्टीलचे. म्हणून दक्षिणेकडच्या, कोकणातल्या घामट हवेत त्या लवकर खाल्ल्या गेल्या. पूर्ण स्टीलची पेटी घ्या. झाकणावर नुसते 'स्टेनलेस स्टील बॅक' लिहिले असेल तर फक्त झाकणच स्टीलचे आहे असे समजा.

एचएमटी बंद झाल्यावर एक नवाच धंदा उभा राहिला आहे, त्याबद्दल बोलणे भाग आहे. जुनी मशीन, दुसऱ्याच पेट्या, नव्याने रंगवलेल्या लाल-हिरव्या तबकड्या, असे जोडून 'ओरिजिनल जुने एचएमटी' म्हणून विकले जाते. कारखान्याने कधी काढलीच नाही अशा रंगांची तबकडी पाहिली की जाणकार ओळखतो. नवे पोर ओळखत नाही. जुने सामान जोडून चालते घड्याळ उभे करणे यात काहीच वाईट नाही, ते कसबाचे काम आहे आणि त्याला चांगली किंमत मिळायला हवी. मात्र जोडलेले आहे, तबकडी रंगवलेली आहे, हे गिऱ्हाईकाला सांगून विका. मालाचा दोष सांगून विकणे हे आपल्याकडे नुसते दुकानदारीचे शहाणपण नाही. आणि मोठ्या नावांच्या 'फर्स्ट कॉपी' विकणाऱ्यांना काय सांगावे! दुसऱ्याचे नाव चोरून लावलेली वस्तू, आत कोणते मशीन आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नाही. ती जन्मभर सोडाच, पुढच्या ईदपर्यंत चालेल याची खात्री नाही.

घड्याळजींविषयी आमची तक्रार आपल्याच लोकांकडे आहे. साठ-सत्तर बारीक भागांचे यंत्र उघडायचे, प्रत्येक भाग धुवायचा, सुईच्या टोकाने तेल द्यायचे, पुन्हा जोडून दोन-तीन दिवस वेळ तपासायची. या कामाचे पाचशे-सातशे रुपये सांगितले की आपण म्हणतो, "एवढ्यात तर नवे येते." हेच वाक्य ऐकून ऐकून घड्याळजीच्या मुलाने दुसरी नोकरी धरली. उलट घड्याळजींनीही सुधारायला हवे. काम घेतल्याची पावती द्या, कोणता भाग बदलला ते लिहा, जुना भाग गिऱ्हाईकाच्या हातात द्या, सहा महिन्यांची हमी द्या. "परवा या" हा परवा दोन महिने लांबवू नका. मारुंजी, वाकड, हिंजवडी या पट्ट्यात महागडी घड्याळे घालणारे जितके लोक आहेत तितके पिंपरी कॅम्पात कधीच नव्हते. त्यांना आज पिंपरीला किंवा पुण्याला जावे लागते. एखाद्या तरुणाने म्हाताऱ्या घड्याळजीपाशी दोन वर्षे बसून काम शिकले आणि चार बाय सहाची जागा मारुंजी रस्त्याला घेतली, तर त्याला गिऱ्हाईक शोधावे लागणार नाही असा आमचा अंदाज आहे. भांडवल फारसे नाही. चिमटे, भिंग, स्क्रू-ड्रायव्हर, झाकण उघडायची व दाबायची साधने, पाणी लागते का तपासायचे एक यंत्र. लागते ती मान खाली घालून बसण्याची तयारी. ती मिळणे अवघड आहे हे आम्हाला मान्य आहे.

मोबाईलमध्ये वेळ दिसत असताना घड्याळ हवेच कशाला, असे तरुण विचारतात. बरोबर आहे, नसेल हवे तर घेऊ नका. पण दुकानात गिऱ्हाईक समोर असताना वेळ पाहायला मोबाईल काढला की माणूस तीन निरोप वाचतो आणि गिऱ्हाईक उठून जाते, हे आम्ही आमच्याच गल्ल्यावर पाहिले आहे.

राहिला निकाहाचा निरोप. आम्ही बंधूंना स्पष्ट सांगितले की मागून घेतलेले घड्याळ भेट म्हणवत नाही, मग ते मध्यस्थाच्या तोंडून मागितलेले का असेना. सासऱ्याने १९८९ साली दिलेले घड्याळ त्याने आपल्या ऐपतीत, आपल्या मर्जीने दिले होते. ४५ हजारांसाठी हे बंधू गॅसकटर आणि नवी वेल्डिंग मशीन घेण्याचे पुढे ढकलणार होते. म्हणजे मुलाच्या मनगटाची किंमत वर्कशॉपने भरायची. आम्ही त्यांना म्हणालो, मध्यस्थाला बाजूला ठेवा आणि थेट मुलाशी बोला.

ते बोलले. मुलाला त्या फोटोची काही कल्पनाच नव्हती. फोटो त्याच्या मामांनी पाठवला होता. चाकणला एका कारखान्यात तो क्वालिटी तपासणीला आहे. "कामावर घड्याळ काढूनच ठेवावे लागते," असे तो म्हणाला. शेवटी पूर्ण स्टीलचे, १०० मीटरचे, तीन काटे आणि तारीख एवढेच असलेले एक क्वार्ट्झ घड्याळ ठरले. पिंपरीच्या घड्याळजींनी मशीनचे नाव पाहून मान डोलावली, मगच पैसे दिले. बंधूंनी तसेच एक लहान मापाचे मुलीसाठीही घेतले. मुलगी वाकडला शाळेत शिकवते, आणि एवढ्या सगळ्या निरोपानिरोपीत तिच्या मनगटाची आठवण कोणाला झाली नव्हती. दोन्ही मिळून अकरा हजारांत बसली.

त्यांचे स्वतःचे एचएमटी सध्या त्याच घड्याळजींकडे सर्व्हिसिंगला आहे. सहा वर्षांत तेल दिले नव्हते, हे आमच्या बोलण्यातून निघाले. जुम्म्यानंतर आणायला जायचे आहे.